पडली तुमची मुलगी, पण पाडलं कोणी?

प्रश्न : अमळनेर-पारोळा भागातल्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलं आहे. नाव, गाव, शाळा वगळून ते थोडक्यात देते. त्यांची मुलगी दहावीत आहे, पंधराशे मीटर पळते. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा ती दुसरी होती. वळणावर शेजारच्या गावची मुलगी बाहेरून पुढे आली, आत शिरली, पायात पाय अडकले आणि यांची मुलगी गुडघ्यांवर आपटली. उठून पळाली, पाचवी आली. दुसरी मुलगी पहिली येऊन विभागीय स्पर्धेला गेली. त्या वळणावरचे पंच तिच्याच शाळेचे शिक्षक होते आणि त्यांनी निशाण उचललं नाही. वडील टेबलाशी जाऊन भांडले, तिथून त्यांना बाजूला केलं गेलं. मुलीच्या क्रीडा शिक्षकांनी ‘लागला निकाल, जाऊ द्या’ म्हणून हात झटकले. बक्षीस घेताना दुसरी मुलगी टाचेला पट्टी बांधून लंगडत होती, ‘ते सगळं नाटक’ असं वडिलांचं मत. एका पालकाने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्यांच्याकडे आहे. तो सगळ्या ग्रुपवर टाकायचा आणि क्रीडा कार्यालयात तक्रार करायची, असं त्यांनी ठरवलं आहे. अडचण अशी की दोन्ही मुली पहाटे एकत्र पळायच्या, दोघींचे वडील एकाच जिनिंगवर कामाला, आणि कापूस वेचणीला दोन्ही घरं एकमेकांच्या शेतात. आता सगळं बंद. मुलगी गप्प आहे. विचारलं तर एवढंच म्हणते, ‘मना पाय अडकना, बाबा’, म्हणजे माझा पाय अडकला. वडील लिहितात, ‘ताई, पोरगी घाबरून असं बोलते. माझ्या पोरीला न्याय मिळायला पाहिजे. काय करू?’

भाऊ,

तुमच्या पत्रात चार पानं तुमची आहेत आणि एक ओळ मुलीची. मी त्या ओळीपासून सुरुवात करते. ती घाबरून बोलते, असं तुम्ही धरून चाललात. असेलही. या वयात मैत्रीण गमवायची भीती पदकापेक्षा मोठी असते. पण जे घडलं तेवढंच ती सांगत असेल, ही शक्यता तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्या क्षणी त्या जागी दोनच जणी होत्या. त्यातल्या एकीची साक्ष तुमच्या घरात आहे आणि तीच तुम्ही मोडीत काढलीत.

दुसरी गोष्ट त्या पट्टीची. मुलीला यंदाच नवे स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, घेतल्याचं तुम्ही लिहिलं आहे. मातीच्या ट्रॅकवर खिळे लांब लावतात. नियमाप्रमाणे तिथे २५ मिलिमीटरपर्यंत चालतात. तसा बूट धावत्या पायाच्या टाचेवर बसला तर काय होतं, ते जिनिंगवर यंत्राशी काम करणाऱ्या माणसाला सांगायला नको. त्या मुलीने शेवटचं अंतर सोललेल्या टाचेने कापलं असण्याची शक्यता नाटकापेक्षा कितीतरी जास्त आहे. धडकेत लागलं दोघींना. एकीचं सगळ्या मैदानाला दिसलं, कारण ती पडली. टाचेवरची जखम आणखी एक गोष्ट सांगते, की पाय लागला तेव्हा ती मुलगी पुढे होती. किती पुढे होती, हे मात्र जखमेवरून कळत नाही आणि तुमचा सगळा वाद त्या ‘किती’चा आहे.

पंधराशे मीटरला लेन नसते. पावणेचार फेऱ्या, आणि पहिल्या पावलापासून सगळ्या जणी आतल्या कडेला चिकटायला बघतात, कारण एक लेन बाहेरून अख्खं वळण घेतलं तर साडेतीन मीटरहून जास्त अंतर पदरी पडतं. एका लेनची रुंदी १.२२ मीटर. तेवढ्या पट्ट्यात तीन-चार मुली, प्रत्येकीचं कोपर बाहेर, प्रत्येकीची टाच मागे उडणारी. शिवाय आपल्याकडे आतली कडा म्हणजे सकाळी मारलेली फक्की. दुपारपर्यंत निम्मी पुसली जाते. अशा वळणावर पाय अडकत नाहीत, याचंच खरं तर नवल वाटायला हवं. या स्पर्धांत मी वळणावर उभी राहिले आहे. तुम्ही वर्णन केलीत तशी धडक एका श्वासात होऊन जाते, आणि ती संपल्यावर तिथल्या तिघांना विचारलं तर तीन वेगवेगळ्या हकिकती ऐकायला मिळतात.

‘पुढून आत शिरली ती दोषी’ असं तुम्ही म्हणता. त्या मुलीचे वडील म्हणत असतील, ‘मागून पाय घातला ती दोषी.’ धावपटूंमध्ये दोन्ही संकेत चालत आलेले आहेत. ओलांडणाऱ्याने पुरेसं पुढे गेल्याशिवाय आत यायचं नाही आणि मागच्याने पुढच्याच्या पावलाकडे लक्ष ठेवायचं. एकाच धडकेत दोन्ही एकाच वेळी मोडलेले असू शकतात. पुरेसं म्हणजे किती, याचा आकडा वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या नियमांत नाही. तिथे प्रश्न एवढाच विचारतात, की एकीच्या हालचालीने दुसरीची वाट अडली का. ते ठरवतं माणूस, डोळ्यांनी.

डोळ्यांचं काय होतं, याचा सगळ्यात गाजलेला दाखला १० ऑगस्ट १९८४चा. लॉस एंजलिस ऑलिंपिक, महिलांची तीन हजार मीटरची अंतिम शर्यत. अमेरिकेची मेरी डेकर आदल्या वर्षीची जगज्जेती, घरचं मैदान, सगळं स्टेडियम तिच्या बाजूने. ब्रिटनकडून पळणारी झोला बड अवघी अठरा वर्षांची, अनवाणी. निम्म्याहून थोडी जास्त शर्यत झाली असताना बड पुढे सरकून आतल्या बाजूला आली, दोघींचे पाय लागले, डेकर आतल्या हिरवळीवर कोसळली आणि उठू शकली नाही. लोकांनी उरलेली शर्यतभर बडची हुर्यो उडवली. ती सातवी आली. त्या आरोळ्या ऐकत पदकाच्या चौथऱ्यावर उभं राहायची हिंमत नव्हती म्हणून आपण वेग सोडला, असं तिने पुढे सांगितलं. शर्यत संपताच तिला अडथळा आणल्याबद्दल बाद केलं गेलं. मग ज्यूरीने, म्हणजे अपील ऐकणाऱ्या समितीने, चित्रफीत पाहिली आणि तो निर्णय रद्द केला. ट्रॅकवरच्या पंचाला जे दिसलं ते चित्रफितीत तसं दिसलं नाही. बडच्या पायावर डेकरच्या खिळ्यांचे ओरखडे होते. डेकरने तेव्हा तिला सरळ दोषी ठरवलं होतं. पण पुढे काही वर्षांनी तिनेच सांगितलं, की तिला मुद्दाम पाडलं गेलं असं तिला वाटत नाही, घोळक्यात पळायची आपल्याला सवय नव्हती. तोवर त्या अठरा वर्षांच्या मुलीला धमक्या येऊन गेल्या होत्या. आणि ती शर्यत रुमानियाच्या मारिचिका पुइकाने जिंकली होती, हे आज फार कोणाला आठवतही नाही.

तुमच्याकडे व्हिडिओ आहे, त्यात ‘स्वच्छ दिसतं’ असं तुम्ही लिहिता. तो कुठून काढला आहे? मंडपाच्या बाजूने, मैदान ओलांडून, झूम करून. बाजूने काढलेल्या चित्रात कोण किती पुढे आहे ते दिसतं, पण दोघींच्या मधे बाजूचं अंतर किती होतं ते दिसत नाही. समोरून काढलं तर नेमकं उलटं. वळणावर तर पळणाऱ्यांची दिशाच क्षणाक्षणाला बदलत असते. शिवाय साधा मोबाइल सेकंदाला तीस चित्रं घेतो. सव्वापाच मिनिटांत पंधराशे मीटर पळणारी मुलगी दोन चित्रांच्या मधल्या वेळात सुमारे सोळा सेंटिमीटर पुढे जाते. टाच आणि खिळा यांची गाठ कुठे पडली, तो सगळा निकाल त्या सोळा सेंटिमीटरांत आहे, आणि तेवढं तुमच्या व्हिडिओत नाहीच. तुम्हाला त्यात जे स्वच्छ दिसतं, त्यात थोडं तुमच्या मनातलंही मिसळलेलं आहे. बापाचं मन आहे, ते मिसळणारच. पण दहा गावांच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ बघणारे तुमचं मन घेऊन बघणार नाहीत. ते एका सोळा वर्षांच्या मुलीचं नाव आणि गाव घेऊन बोलतील. त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात कधी शर्यत पाहिलेली नसेल, आणि त्यांचंच मत सगळ्यात ठाम असेल.

म्हणून पहिलं, आणि यात मी घासाघीस करणार नाही : तो व्हिडिओ कुठेही टाकू नका. पुसूनही टाकू नका, जपून ठेवा. त्याचा उपयोग वेगळा आहे, तो पुढे सांगते.

आता नियमाकडे येते, कारण मला वाटतं तुमची गाठ तिथे सुटेल. ‘माझ्या पोरीवर अन्याय झाला’ आणि ‘त्या पोरीने अन्याय केला’ ही दोन वाक्यं तुम्ही एकच समजता. नियम ती वेगळी ठेवतो. वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या तांत्रिक नियमांत धक्काबुक्की आणि अडथळा सतराव्या नियमात येतात. अडथळा दुसऱ्या खेळाडूमुळे झाला असं रेफ्रीला, म्हणजे मुख्य पंचाला, आढळलं, तर त्या खेळाडूला बाद करता येतं. पण अडथळा मुद्दाम नसेल, किंवा खेळाडूशिवाय दुसऱ्याच कशाने झाला असेल, आणि कोणाचं मोठं नुकसान झालं असेल, तर रेफ्री कोणालाही बाद न करता नुकसान झालेल्याला पुढच्या फेरीत घेऊ शकतो किंवा शर्यत पुन्हा घ्यायला लावू शकतो. अट एवढी, की त्या खेळाडूने साधारणपणे प्रामाणिक प्रयत्न करून शर्यत पूर्ण केलेली असावी. तुमची मुलगी उठली आणि पळाली, ते नुसतं कौतुकाचं नव्हतं. हरकतीचं दार तिने स्वतःच्या पायांनी उघडं ठेवलं होतं. ते वेळेत कोणी ठोठावलं नाही.

आपल्याच माणसाचं उदाहरण देते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०१९च्या ऑक्टोबरमध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या (लाकडी अडसर आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीच्या) प्राथमिक फेरीत पळत होता. पुढचा इथिओपियाचा धावपटू पडला, अविनाश त्यात अडकला, लय गेली आणि अंतिम फेरीची जागाही गेली. तरी ८ मिनिटं २५.२३ सेकंदांत तो पोचला, राष्ट्रीय विक्रम करून. भारतीय संघाने हरकत घेतली, चित्रफीत तपासली गेली आणि त्याला अंतिम फेरीत जादा खेळाडू म्हणून घेतलं. तिथे तो तेरावा आला, पण वेळ ८ मिनिटं २१.३७ सेकंद. पुन्हा राष्ट्रीय विक्रम, आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता. हरकत घेणाऱ्यांनी कोणाला खलनायक ठरवलं नाही. ‘आमच्या मुलाची वाट अडली’ एवढंच मांडलं.

त्याआधी २०१६ला रिओत पाच हजार मीटरच्या प्राथमिक फेरीत न्यूझीलंडची निकी हॅम्ब्लिन आणि अमेरिकेची ॲबी डी’ॲगोस्टिनो एकमेकींत अडकून पडल्या, एकमेकींना उठवत त्यांनी शर्यत पुरी केली आणि पंचांनी दोघींनाही अंतिम फेरीत घेतलं. शिक्षा कोणालाच नाही. पण दर वेळी असंच होतं असं समजू नका. टोकियोत आठशे मीटरच्या उपांत्य फेरीत बोट्सवानाचा नायजेल आमोस आणि अमेरिकेचा इसाया ज्युएट असेच एकत्र पडले, एकमेकांच्या आधाराने उठले, बरोबर अंतिम रेषेपर्यंत गेले. आमोसला अंतिम फेरीत घेतलं, ज्युएटला नाही. एकच धडक, एकच रेफ्री, दोन माणसांना दोन उत्तरं. आणि कधी कधी दाद मिळतच नाही. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मिश्र रिलेत बहारीनची धावपटू बॅटन देऊन पडली आणि हिमा दासची वाट अडली, म्हणून आपण हरकत घेतली होती. ती फेटाळली गेली, रौप्यावर समाधान मानावं लागलं. पुढे ती बहारीनची धावपटू उत्तेजक चाचणीत सापडली आणि सुवर्ण आपल्याकडे आलं. पण ते वेगळ्याच कारणाने. अडथळ्याच्या हरकतीचा निकाल बदलला नाही तो नाहीच.

आता पंचांविषयी. तुमचा संशय मी उडवून लावत नाही. एका शाळेचा शिक्षक स्वतःच्या विद्यार्थिनीच्या शर्यतीत वळणावर उभा असणं योग्य नाहीच, मग त्याने निशाण उचललेलं असो वा नसो. त्याने सचोटीने काम केलं असेल तरी त्याच्यावर बोट उठणारच, आणि ते त्याच्यासाठीही वाईट. पण आपल्याकडची परिस्थिती अशी, की तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धा क्रीडा शिक्षकच पार पाडतात आणि प्रत्येक शिक्षक कुठल्या ना कुठल्या शाळेचा असतोच. आठवडाभर वर्ग सोडून उन्हात उभे राहणारे हेच लोक असतात. शर्यतीआधी कोणी ‘सर, या शर्यतीत तुमची मुलगी आहे, तुम्ही समोरच्या वळणावर जा’ एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. कोणी म्हटलं नाही.

आणखी एक. वळणावरच्या पंचाच्या हातात निकाल नसतो. त्याने पाहायचं, नियम मोडल्यासारखं वाटलं तर पिवळं निशाण उचलायचं, छातीवरचे नंबर टिपायचे, काय दिसलं ते रेफ्रीला सांगायचं. ठरवणारा रेफ्री. निशाण उचललं गेलं नाही म्हणून रेफ्रीचे हात बांधले जात नाहीत. त्याने स्वतः पाहिलं असेल किंवा हरकत आली असेल, तरी तो चौकशी करू शकतो. त्यामुळे त्या दिवशी खरा घोळ वळणावर झाला की टेबलाशी, याचा विचार करा. तुम्ही आरडाओरडा केलात, पण हरकत नोंदवली नाहीत. ती कशी नोंदवतात हे तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, हेही खरं.

तुमच्यासारख्या बाकी पालकांनी आणि मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी हे वहीत लिहून ठेवावं असं आहे. निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून तीस मिनिटांच्या आत हरकत घ्यायची असते. आधी तोंडी चालते, रेफ्रीकडे. खेळाडूने स्वतः, तिच्या वतीने कोणी किंवा संघाच्या प्रतिनिधीने. शालेय स्पर्धेत सोबतच्या शिक्षकानेच जावं, पालकाने नव्हे; शिक्षकाचं म्हणणं कानावर घेतलं जातं, पालकाचा आवाज नुसता ऐकू येतो. रेफ्रीचा निर्णय पटला नाही तर पुढच्या अर्ध्या तासात अपील, ते मात्र लेखी, सहीनिशी आणि ठरलेली रक्कम भरून. अपील फेटाळलं तर ती रक्कम जाते. स्पर्धेगणिक रक्कम आणि बारकावे बदलतात, म्हणून सकाळी हजेरीच्या वेळीच विचारून घ्यावं, की आजचे रेफ्री कोण, अपील कोणाकडे. आणि मांडताना काय मांडायचं? ‘अमक्या नंबरची मुलगी, अमक्या वळणावर, अशी अशी आडवी आली, आमच्या मुलीचं इतकं नुकसान झालं, तिने शर्यत पूर्ण केली आहे.’ बस. कोणाची जात, गाव, शाळा, आधीची भांडणं काहीही नाही. व्हिडिओ असेल तर तेव्हा रेफ्रीसमोर धरायचा. त्याची जागा तीच, ग्रुप नव्हे.

तुमची ती तीस मिनिटं गेली. निकाल आता बदलेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. विभागाची यादी गेलेली आहे. आणि समजा हरकत घेतली असती तरी तुमची मुलगी विभागाला गेलीच असती असंही नाही. रेफ्रीने ‘दोघींचाही दोष नाही, दोघींनाही तसंच ठेवा’ म्हटलं असतं तरी ते नियमात बसलं असतं.

तरी पत्र लिहा. क्रीडा कार्यालयाला एक पानी, शांत. त्यात निकाल फिरवायची मागणी नको, त्या मुलीचं नाव नको, त्या शिक्षकाचंही नाव नको. तीन गोष्टी मागा : पुढच्या वर्षीपासून पंचांना त्यांच्या शाळेचा खेळाडू असलेल्या शर्यतीत वळणावर ठेवू नये, प्रत्येक वळणाला दोन पंच असावेत, आणि हरकत कशी, कोणाकडे, किती वेळात घ्यायची याचा कागद टेबलाजवळ लावावा. पत्रावर दुसऱ्या मुलीच्या वडिलांचीही सही घेता आली तर त्याचं वजन दुप्पट होईल. हसू नका, मी गंभीरपणे लिहिते आहे. त्यांच्या मुलीने शर्यत जिंकली आणि आठवडाभर ‘पाडून आली’ असं ऐकते आहे. दोन पंच असते, निशाण उचललं असतं किंवा नसतं, तर तिचंही नाव स्वच्छ राहिलं असतं. या मागणीत त्यांचंही हित आहे.

त्यासाठी त्यांच्याशी बोलावं लागेल. माफी मागायला लावू नका. माफी मागितली की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं आणि त्यांनी तो केलाय की नाही हे कोणालाच माहीत नाही. जिनिंगवर, चार लोकांत तर अजिबात विषय काढू नका. त्यांच्या घरी जा आणि आधी पोरीच्या टाचेची चौकशी करा. खिळ्याची जखम मातीत झालेली असते, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं का ते विचारा. तुमच्या मुलीच्या गुडघ्यांचंही तेच. मग बाकीचं आपोआप निघेल, नाही निघालं तर त्या दिवशी नको.

मुलीशी काय बोलायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘तिने पाडलं ना तुला?’ हा प्रश्न बंद करा. त्यात उत्तर तुम्हीच घालून दिलेलं आहे, आणि तिने नाही म्हटलं तर ती बापाच्या विरोधात जाते, हो म्हटलं तर मैत्रिणीच्या. त्याऐवजी तिला शर्यत सांगायला लावा, पहिल्या फेरीपासून. कुठे दम लागला, घंटा झाली तेव्हा काय ठरवलं होतं, बाहेरून पावलं ऐकू आली का. धावपटूला हे सगळं आठवत असतं आणि सांगायला आवडतं. पडण्याचा भाग ती तिच्या वेळेला सांगेल. विभागाची संधी गेली, त्यामागचे सवलतीचे गुण, पुढे नोकरीतल्या खेळाडूंच्या आरक्षणाची तुम्ही मनात मांडलेली गणितं, त्यांचं ओझं तूर्त तिच्यावर टाकू नका. शालेय स्पर्धा ही एकच वाट नाही. जिल्हा ॲथलेटिक्स संघटनेच्या निवड चाचण्या वेगळ्या होतात, त्यात तिच्या वयोगटाची चौकशी करा.

आणि सरावाकडे बघा. ती पहाटे पळते ती रस्त्यावर, सरळ, दोघी शेजारी शेजारी. वळणावर, गर्दीत, कोपराला कोपर लावून ती किती वेळा पळाली आहे? बहुतेक फक्त स्पर्धेत. आपल्याकडच्या मुलांचं दमाचं काम उत्तम असतं आणि घोळक्याचं शून्य. गर्दीच्या एस.टी.त चढणं जसं चढूनच येतं, तसं हेही गर्दीत पळूनच येतं. मैदानावर फक्की मारून एक वळण आखा, पाच-सहा मुली गोळा करा, वेग अर्धा ठेवा आणि एकीने दर वेळी बाहेरून येऊन आत कापायचं. आतलीने काय करायचं? पाऊल आखूड करायचं, हात थोडे वर घ्यायचे, नजर पुढचीच्या टाचेवर न ठेवता तिच्या कंबरेवर ठेवायची, कारण कंबर आधी वळते आणि टाच नंतर. अगदी आत, पुढचीच्या बरोब्बर मागे अडकून बसायचं नाही. तिच्या बाहेरच्या खांद्याच्या मागे राहायचं, तिथून बाहेर निघायला वाट असते. आणि बाहेरून ओलांडणारीने वळणावर घाई करायची नाही, सरळ पट्ट्यात ओलांडायचं, दोन दमदार पावलं जास्त टाकून मग आत यायचं. हा सराव तुमच्या मुलीला जितका हवा तितकाच त्या मुलीलाही हवा. तिने त्या वळणावर आत यायची घाई केली असेल तर तिची ती सवय मोडेल, आणि नसेल केली तरी काही बिघडत नाही. शिकवणारा कोणी हवा, तर ज्या सरांनी हात झटकले त्यांनाच सांगा. बहुतेक ते मनातून खजील असतील, काम दिलं तर करतील.

क्रीडा कार्यालयाचं ते पत्र लिहून झालं की पाठवायच्या आधी मुलीला वाचायला द्या. एखादी ओळ खोडावीशी वाटली तर तिला खोडू द्या, कारण विचारू नका.